हातची जागा

शेवटच्या फेरीचे आकडे फळ्यावर चढले आणि कार्यकर्त्यांनी माना खाली घातल्या. आजोबांनी मिळवलेली, वडिलांनी चार निवडणुका राखलेली, भर शहरातली खासदारकीची जागा लेकीच्या हातून गेली होती.

तशी ती केव्हापासून निसटत होती. स्टेशनपासून नदीपर्यंतचा हा मतदारसंघ एके काळी छापखान्यांचा. आजोबा स्वतः खिळे जुळवणारे. त्यांच्या नावावर गल्ल्याच्या गल्ल्या डोळे झाकून मतं द्यायच्या. मग छापखाने बंद पडले, कामगारांची मुलं शहराबाहेर राहायला गेली. जुन्या चाळी पाडून उंच इमारती झाल्या. तिथे भाड्याने आलेल्यांना आजोबा कोण, हे ठाऊकच नव्हतं. वडिलांचं मताधिक्य दर खेपेला आटत गेलं. मागच्या वेळी तर फेरमोजणी करावी लागली. पुढे त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि पक्षाची माणसं थेट लेकीकडे आली.

पक्षाघाताने वाचा गेलेल्यांना ती पुन्हा बोलायला शिकवायची. बाजाराच्या मागे तिचं छोटंसं क्लिनिक होतं. नाही म्हणावं, तर बाबा हाय खातील. तिने क्लिनिकला कुलूप लावलं आणि दारोदार फिरली. वडील प्रचारभर गप्पच होते. आपलं भाषण त्यांना रुचत नसावं, असं ती धरून चालली.

आता परतताना गाडीत तिला रडू येईना. उलट कडकडून भूक लागली होती. बेकरीवाल्या पेशंटला बायकोचं नाव जवळजवळ घेता येऊ लागलं होतं. त्याला उद्याच बोलावता येईल, असंही मनात आलं. मग तिची तिलाच लाज वाटली.

घरी वडील स्वयंपाकघरात जेवत बसले होते.

"बाबा, जागा गेली," ती दारातूनच म्हणाली. "मी घालवली."

"कळलं. हात धू, जेवायला बस."

आईने तिचं ताट घेतलं. "सकाळपासून यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता," ती म्हणाली. "निकाल कळला आणि आता दुसऱ्यांदा वाढून घेताहेत."

"क्लिनिक कधी उघडतेस?" वडिलांनी विचारलं.

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही रागावला नाहीत? मला वाटलं, या जागेत तुमचा जीव अडकलाय."

"आणि मला वाटलं, तुला हौस आहे. तुझ्या आड कशाला यायचं, म्हणून तोंड मिटून बसलो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आजोबांनी मला विचारलंही नव्हतं. परस्पर माझा अर्ज भरला होता."

तिने खुर्ची ओढली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल पडले. मग तिला हसू फुटलं.

"बाबा, खरं सांगा. मत कुणाला दिलंत?"

वडिलांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"चार वेळा निवडून आलो मी," ते म्हणाले. "पण मनासारखा निकाल आज पहिल्यांदा लागला."