आत्याचा मान

तिसरीही मुलगीच झाली, म्हणून आजीने बारशाआधीच नाव ठरवलं: नकुसा. आपल्या लेकीला ठेवलेलं, तेच.

आता तीच लेक आत्याच्या मानाने पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुजबुजली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डोरोथी!"

"हे कुठलं गं, नकुसे?" आजी कडाडली.

"बाळंतपण केलेल्या नर्सबाईंचं. अर्थ विचारून आलेय, आये. देवाची देणगी."

"इंग्रजी नाव? गाव हसंल. पाठीत धपाटा घालीन!"

"घाल की, आज आत्याला धपाटे घालायची रीतच आहे. माझं नाव ठेवलंस तेव्हा मी पाळण्यात होते. आज उभी आहे."

इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या बाळंतिणीने पाळण्याची दोरी ओढली. "डोरोथी," ती लेकीला म्हणाली, "आत्याकडे बघ गं."