थंडीत आखडणारी बोटं

घड्याळात नऊ मिनिटं उरली होती आणि डॅरियो मॉन्टॅल्व्होचं नाव अजून कुणी घेतलं नव्हतं. संघाच्या कचेरीत बसलेल्या वेंडल ग्रॅबोस्कीनं टीव्हीकडे पुन्हा एकदा पाहून खात्री करून घेतली. पहिल्या तीन संघांनी आपापली पोरं उचलली होती. आता पाळी टोलेडोची, नाव द्यायला दहा मिनिटं.

अमेरिकन फुटबॉलच्या या वार्षिक निवडीत संघ आळीपाळीनं कॉलेजातली नवी पोरं उचलतात, आणि जो संघ हंगामात सर्वांत जास्त हरतो, त्याला पहिल्या निवडीचा मान मिळतो. टोलेडोनं जीव तोडून तेरा सामने घालवले होते, पण देशात त्यांच्याहून सरस तीन संघ निघाले. हरण्यातसुद्धा चौथा नंबर! आपल्या संघाला काय हवंय हे टोलेडोतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक हवा होता. होता तो अडतीस वर्षांचा झाला होता आणि आपल्या गड्यांपेक्षा समोरच्यांच्या हातात जास्त अचूक चेंडू देत होता.

डॅरियोला शोधून काढला तो वेंडलनं. तीस वर्षं गावोगाव हिंडून खेळाडू हेरणं हेच त्याचं काम, आणि ही त्याची शेवटची निवड. नेब्रास्कातल्या एका आडगावच्या कॉलेजात तीन हिवाळे तो या पोरासाठी बर्फात उभा राहिला होता. सामना संपला की डॅरियोची आई त्याला घरी नेऊन मक्याच्या पिठाचे गरम तामाले वाढायची आणि तो नको नको म्हणत सहा खायचा. असा हात त्यानं जन्मात पाहिला नव्हता. हा पोरगा टोलेडोच्या मैदानावर एकदा बघितला की मी सुखानं घरी बसेन, असं तो बायकोला सांगत असे.

आणि म्हणूनच मार्चमध्ये त्यानं एका वार्ताहराला कॉफी पाजली आणि कानात सांगितलं, "पोरगं चांगलं आहे रे, पण थंडीत त्याची बोटं आखडतात. आम्हाला तर क्वार्टरबॅक नकोच आहे. आम्हाला हवाय एक धिप्पाड गडी, पुढच्या फळीत उभा करायला."

यात वावगं काही नव्हतं. निवडीच्या आधी सगळेच संघ आपल्या आवडत्या पोराला नावं ठेवतात, म्हणजे दुसरं कुणी त्याला उचलत नाही. चार दिवसांत वेंडलच्या नावानिशी ती आखडलेली बोटं देशभर झाली. एका तज्ज्ञानं तर तापमान आणि बोटं यांचा आलेखच काढून दाखवला. नेब्रास्कात जन्मलेल्या पोराला थंडी कशी बाधते, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी फोन आला तो डॅरियोच्या आईचा.

"मिस्टर वेंडल, माझ्या घरी जेवलात तुम्ही. खाल्ल्या मिठाला तरी जागायचं होतं. पोरगं दोन दिवस जेवलेलं नाही."

वेंडलला खरं सांगायची सोय नव्हती. निवड झाली की त्याच मिनिटाला तिला फोन लावायचा आणि माफी मागायची, असं त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. आत्ताही फोन त्याच्या हातात होता.

"डेल, दे ना बाबा नाव," तो म्हणाला.

मॅनेजर डेल प्रुइट खुर्चीत रेलून हसत होता. "घाई काय आहे? पाच मिनिटं घोळात पडल्यासारखं दाखवू. जळू देत सगळे."

तेवढ्यात दार उघडून मालक आले. हॉलिस ट्रॅस्क. वडिलांनी बाथटब विकून संघ घेतला आणि जाताना कारखाना आणि संघ दोन्ही या चिरंजीवांच्या हवाली केलं. ट्रॅस्कसाहेबांच्या तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून ते वर्षभर फ्लोरिडात असले तरी संघातली एकही गोष्ट त्यांच्या कानावर जाऊ द्यायची नाही, असा प्रुइटचा दंडक होता. बोटांचं खरं काय तेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"अभिनंदन, मंडळी!" साहेब म्हणाले. "तुम्ही चाचपडताय असं दिसलं, म्हणून मंचाशेजारी बसलेल्या आपल्या माणसाला मीच फोन केला. नाव देऊन टाकलं. एकशे साठ किलोचा गडी आहे!"

प्रुइट खुर्चीतून उठला. "साहेब, आपल्याला क्वार्टरबॅक..."

"नकोय! रोज पेपर वाचतो मी. आणि तो थंडीवाला पोरगा तर मुळीच नको. बोटं बघितलीस त्याची?"

दिलेलं नाव मागे घेता येत नाही. टीव्हीवर तो धिप्पाड गडी टोलेडोची टोपी घालून रडत होता. त्याच्यानंतर डेटनची पाळी आली, आणि डेटननं चाळीस सेकंदांत डॅरियो मॉन्टॅल्व्होला उचललं. डेटन म्हणजे टोलेडोचे हाडवैरी. वर्षातून दोनदा गाठ पडायची.

वेंडलच्या हातातला फोन वाजला. पलीकडे डेटनचा ऑस्टरहाउट होता, त्याच्यासारखाच पोरं हेरणारा, जुना दोस्त.

"वेंडल, लेका, उपकार झाले! निवड जवळ आली की तू ज्याला नावं ठेवतोस तो पोरगा आम्ही डोळे मिटून घेतो. बारा वर्षं झाली, एकदाही फसलो नाही. तुमच्या आधीच्या तिघांकडे क्वार्टरबॅक आहेत, त्यांना तो नकोच होता. मग बोटांचं ते कशाला रे पसरवलंस? तुझ्यावर विश्वास तरी कुणी ठेवला का?"

"दोघांनी," वेंडल म्हणाला. "आमच्या मालकानं, आणि त्या पोराच्या आईनं."