मालकाची चाल

हवेलीच्या दारातच क्लाइव्हने आईला बाजूला ओढलं.

“पुन्हा सांगतो, आई. तू कापडाच्या दुकानात होतीस. मोलकरीण होतीस हे बोलायचं नाही.”

“हवेली बघायला आणलंस, आणि हवेलीतल्या नोकरीबद्दल बोलू नको म्हणतोस?”

“मी नाही, त्यांनी आणलंय. लग्न होईपर्यंत तोंड बंद ठेव, एवढंच.”

‘ते’ म्हणजे क्लाइव्हचे होणारे सासू-सासरे, मॉस्टिन दांपत्य. विहीणबाईंची ओळख व्हावी म्हणून त्यांनीच ही रविवारची सहल काढली होती. क्लाइव्हच्या आईने, हिल्डाने, हातमोजे काढले नव्हते. चौदाव्या वर्षापासून परक्यांच्या शेगड्या घासून त्या हातांचं जे व्हायचं ते झालं होतं. त्याच हातांनी क्लाइव्हला वकील केलं होतं, पण आता ते दाखवायची सोय नव्हती.

हवेली दाखवणारा एक निवृत्त मेजर होता. आरसे, तसबिरी, मेजवानीचं दालन असं करत त्याने सगळ्यांना मागच्या अरुंद बोळात आणलं.

“ही नोकरांची वाट. मालक समोरून आले की नोकराने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मालकाला नोकराचं तोंड दिसता कामा नये!”

“अगबाई! किती गमतीशीर!” मिसेस मॉस्टिन म्हणाल्या.

“करूनच बघू या,” मेजर म्हणाला. “साहेब, तुमची चाल अगदी मालकाची आहे. या बघू त्या टोकाकडून.”

मिस्टर मॉस्टिनना कोण आनंद झाला! हात मागे बांधून, पोट पुढे काढून ते निघाले. फरशीवर बूट वाजू लागले. माणसं हसत हसत दोन्ही बाजूंना सरकली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

हिल्डा तेवढी वळली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनेही ठरवलं नव्हतं. मान खाली, हात पोटाशी जुळलेले, नाक भिंतीपासून वीतभर. बूट पाठीमागून गेले, तरी ती तशीच उभी होती.

टाळ्या पडल्या. “याला म्हणतात नोकर!” मेजर खूश होऊन ओरडला.

क्लाइव्हने दंडाला धरून आईला फिरवलं. त्याची बोटं रुतली.

“काय हुबेहूब!” मिसेस मॉस्टिन म्हणाल्या. “नाटकात काम करत होतात की काय?”

“हो ना,” क्लाइव्हच घाईने बोलला. “गावच्या मंडळात. फार हौस तिला.”

हिल्डाने पोराकडे पाहिलं. तो हसत होता, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. तिला राग आला. इतक्या वर्षांत कुठल्या मालकाचा आला नव्हता, एवढा आला.

“नाटक कसलं, बाई. नोकरी होती ती,” ती म्हणाली.

क्लाइव्ह पुटपुटला, “आई, चल आता.”

“येते. पण एक सांगून येते.” हिल्डा विहीणबाईंकडे वळली. “मालकांना माझं तोंड बघायचं नसायचं, त्याचं मला काही वाटलं नाही. ते परके होते.”