ओहोटीवरचा लेख

"उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा," मावशी म्हणाली आणि ओहोटीनं उघड्या पडलेल्या किनाऱ्यावरचा पहिला दगड तिनंच उचलला, पाळण्यातल्या बाळावरचं पांघरूण सारावं तसा. बाळंतपणं करण्यात हयात घालवलेल्या नर्सचे हात होते ते.

दगडाखाली बोटाच्या पेराएवढी निळी गोगलगाय होती, कडेनं केशरी रेघ. भाच्यानं तिथेच बसकण मारली. त्याची नऊ वर्षांची लेक तर पाण्याला नाक टेकेपर्यंत वाकली.

भाचा एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत भटकंतीचं पान लिहायचा. हल्ली त्या पानाचं काही खरं नव्हतं. लोक ते न वाचताच उलटतात, असं संपादकांनी तोंडावर सांगितलं होतं. येत्या रविवारी कुणी न पाहिलेली जागा छापून आली नाही, तर पान दुसऱ्याकडे जाणार होतं. म्हणून तो बायकोला आणि लेकीला घेऊन मावशीकडे आला होता.

आणि इथे तर घबाडच हाती लागलं. खडकांमधल्या प्रत्येक डबक्यात वेगळा संसार मांडलेला. समुद्रफुलं नावाचे फुलांसारखे जीव लेकीचं बोट हलकेच धरून ठेवत होते. एक खेकडा आपला शंख सोडून शेजारच्या मोठ्या शंखात शिरला, आत फिरून आला आणि पुन्हा जुन्यात जाऊन बसला. भाड्याची घरं बघताना आपलंही अस्संच झालं होतं, असं बायको म्हणाली.

मग मावशीनं एका कपारीकडे बोट दाखवलं. तिथे नुसता दगड होता. लेक तसं म्हणणार, तोच दगडानं डोळा उघडला. ऑक्टोपस होता तो. तिच्याकडे पाहता पाहता तो लालसर झाला, मग करडा, आणि पुन्हा दगड. चौघंही श्वास रोखून उभी होती. इतकं सुंदर काही आपण याआधी पाहिलंच नाही, असं भाच्याला अगदी मनापासून वाटलं.

"मावशी, इतकी वर्षं तू हे कुणाला सांगितलं कसं नाहीस?"

"विचारलंय कुणी?"

आता विचारतील, असं त्यानं वही भरता भरता सांगितलं. मागे डोंगरातल्या एका तळ्यावर त्यानं लिहिलं, तेव्हा पहिल्याच सुट्टीत चाळीस गाड्या आल्या होत्या. आज तिथे तीन हॉटेलं उभी आहेत. हे तो भेटेल त्याला सांगायचा. तिथल्या कासवांचं काय झालं, असं लेकीनं विचारलं. असतील की कुठेतरी, असं म्हणून त्यानं पान उलटलं.

मावशीनं हातातला दगड नीट बघून जागेवर बसवला.

"तू लिही," ती म्हणाली. "हात राखून लिहू नकोस. तुझं पान टिकायला हवं."

भरतीचं पाणी घोट्याला लागलं तशी सगळी परतली. दुपारभर भाचा मावशीच्या टेबलाशी लिहीत बसला. अकरा पानं झाली. त्याच्या लेखांना 'गाड्यांचं वेळापत्रक' म्हणणाऱ्या बायकोनं ती उभ्या उभ्याच वाचली आणि पदरानं डोळे टिपले.

"आजवरचं सगळ्यात चांगलं," ती म्हणाली.

त्याला फार बरं वाटलं. बराच वेळ तो खिडकीतून समुद्राकडे बघत राहिला. मग चहा घेऊन पुन्हा टेबलाशी बसला आणि दिवेलागणीच्या आत त्यानं संपादकांना मजकूर धाडला.

रविवारी मावशीनं शेजारणीला मुद्दाम बोलावून घेतलं, चष्मा पुसला आणि पुरवणी उघडली. भटकंतीच्या पानावर दुसऱ्याच कुणाचा तरी लेख होता. तळाच्या छोट्या चौकटीत भाच्याचं नाव होतं आणि त्याखाली त्याच्या चार ओळी. मावशीनं त्या मोठ्यानं वाचल्या.

"किनारा खडकाळ आणि निसरडा. चिखल फार. आम्ही ओहोटीला तीन तास हिंडलो. पाहण्यासारखं काहीही नाही. कुणी वाट वाकडी करू नये."