येशू, जेजू आणि उंबरा

होणाऱ्या व्याह्यांना माझ्या चहापेक्षा माझ्या चुकाच गोड लागल्या. ते बेळगावचे कोकणी कॅथलिक, आम्ही निपाणीचे मेथडिस्ट. मी ‘येशू’ म्हटलं की ते ‘जेजू’ म्हणून दुरुस्त करायचे, ‘उपासना’ म्हटलं की ‘मिस्सा’.

शेवटी म्हणाले, “देवाचं नाव नीट घेता येत नाही, त्या घरात सोयरीक नको.” माझी लेक रूथ दाराआड मुसमुसायला लागली. व्याही तरातरा निघाले आणि उंबऱ्यावर अंगठा ठेचून मटकन खाली बसले.

“आवय गे!”

मी हळद घेऊन पुढं झाले.

“पाव्हणं, चुकलं तुमचं. आमच्यात त्येला ‘आई गं’ म्हनत्यात! पन ठणका सारखाच हाय न्हवं? मग बसा, तारीख काढा.”