हजारोंचा कौल

कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघात सामन्यादरम्यान कोणता खेळाडू बदलायचा, हे आता प्रेक्षक ठरवत. त्यांच्या मनगटावरच्या पट्टीतून हजारोंचा कौल यायचा आणि प्रशिक्षक आनंदराव मिठारी तो फक्त पंचांना कळवायचे. या कौलानं सलग नऊ सामने जिंकून दिले होते. लोकांना खेळ कळतो, हे आनंदरावांनाही मान्य होतं.

अंतिम सामन्यात कौल आला, आघाडीचा खेळाडू शिवतेज खेळत राहील. तरीही आनंदरावांनी त्याला बाहेर काढलं. संघ हरला, त्यांचं पद गेलं.

आठवड्यानं शिवतेज कुबडी टेकत त्यांच्या घरी आला.

"डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं खेळला असतास तर गुडघा कायमचा गेला असता. सर, मी तर कुणालाच बोललो नव्हतो."

"दुखायला लागलं की तू माझ्याकडं बघत नाहीस," आनंदराव म्हणाले.