ट्यूबखालचं चाक

पट्टे थांबले. मोटार गुरगुरत होती, लेथचा काम पकडणारा चक गरगरत होता आणि त्याच्या तोंडावर चिकटवलेल्या कागदी चकतीवरचे बारा काळे पट्टे मात्र ग्रामसभेतल्या सदस्यांसारखे जागच्या जागी बसून होते. येसाजीनं समाधानानं मान हलवली. म्हणजे मिनिटाला पाचशे फेरे. पूर्वी होते तेवढेच.

जुनी मोटार जळली म्हणून त्यानं ही महाडच्या भंगारातून आणली होती. तिच्यावरची माहितीची पट्टी आधीच कुणीतरी उपटून नेलेली, त्यामुळे लेथ आता किती वेगानं फिरतो ते देवालाच ठाऊक. मग मोबाइलवरच्या व्हिडिओत भेटलेल्या एका सरदारजींनी उपाय सांगितला. पट्टे काढा आणि जुन्या ट्यूबच्या उजेडात बघा. ट्यूब सेकंदाला शंभरदा विझते-पेटते, आपल्या डोळ्याला ते कळत नाही. वेग बरोबर जुळला, की फिरती वस्तू थांबल्यासारखी दिसते. खर्च काही नाही. यातलं शेवटचं वाक्य येसाजीला फार पटलं होतं.

पडवीच्या पायरीवर त्याचा धाकटा भाऊ काशीराम चहा पीत बसला होता, लेथकडे पाठ करून. लेथवर कातायचा होता तो पितळी बुश त्याच्याच पंपाचा. पण उजव्या हाताची दोन बोटं या लेथला दिल्यापासून तो त्याच्याकडे तोंड करून कधी बसला नव्हता.

बोटं गेली त्या दिवशी शेजारची भाताची गिरण धडधडत होती. लेथ चालू की बंद, कानाला कळायची सोय नव्हती. काशीराम फडकं घेऊन दात्यांच्या चाकाचं तेल पुसायला गेला. दवाखान्यात तो एकच सांगत राहिला, की चाक बंद होतं, मी बघितलं. डॉक्टरांनी येसाजीकडे पाहिलं. येसाजी म्हणजे मुंबईच्या कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर उभी हयात काढलेला माणूस. मशीनच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

“थोडी घेतली असेल,” तो म्हणाला होता.

काशीराम खोकल्याच्या औषधानंही झोपणारा. पण ते वाक्य एसटीत बसून त्या दोघांच्या आधी वाडीत पोचलं, आणि काशीरामचा क्वार्टर काशा झाला. पोरीला बघायला येणारे पाहुणेसुद्धा त्याच्या जरा जास्तच जवळ बसायचे आणि नाकानं लांब श्वास घ्यायचे.

येसाजी पट्ट्यांकडे बघत राहिला. मग मोटार तशीच चालू ठेवून त्यानं लेथच्या डाव्या अंगाचं पत्र्याचं झाकण उघडलं. ते झाकण त्यानंच बसवलं होतं, बोटं गेल्यावर.

आत, तेव्हाच्याच त्या जुन्या ट्यूबच्या उजेडात, दात्यांचं चाक स्वस्थ उभं होतं. दाता न् दाता वेगळा, मोजून घ्यावा असा. दात्यांच्या फटीतलं काळं ग्रीससुद्धा दिसत होतं. असं दिसलं, की कुठल्याही टर्नरला ते पुसावंसं वाटतं. येसाजीच्या हातात फडकं होतंच. हात आपसूक पुढं गेला आणि चाकापासून वीतभरावर, वाऱ्याची झुळूक बोटांना लागली तेव्हा थांबला.

त्यानं हात मागं घेतला. बराच वेळ तो फडक्याची घडी घालत होता. तेलकट फडक्याची घडी कुणी घालत नाही.

“काशा, हितं ये जरा.”

“बुश झाला काय?”

“नाय. ये तू.”

काशीराम उठला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच लेथजवळ आला, तीन बोटांत कप धरून. त्यानं चाक बघितलं. गुरगुरणारी मोटार बघितली. परत चाक बघितलं.

येसाजीला बरंच बोलायचं होतं. सरदारजी, ट्यूब, सेकंदाला शंभरदा, आणि त्याच्यापुढचं. पण तो एवढंच म्हणाला,

“चालू हाय रे. बंद दिसते.”

काशीरामनं कपातला उरलेला चहा संपवला. मग थोरल्या भावाच्या तोंडाजवळ नाक नेऊन त्यानं सावकाश, लांब श्वास घेतला.

“थोडी घेतलीयस काय, दादा?”